ग्रंथ ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची

डॉक्टरी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींपुढे पहिल्याच वर्षी एक प्रश्न उभा राहतो. शरीररचनाशास्त्राचे कोणते पुस्तक घ्यावे? हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांची शेकडो नावे मुखोद्गत करावयाची असतात. आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी चौरसियांचे आटोपशीर पुस्तक घेतात. परंतु दीडशेहून अधिक वर्षे ग्रंथालयांतून मानाने राहिलेला मोठा ग्रंथ म्हणजे ‘ग्रेज ॲनाटमी’ होय. त्यातील मूळ चित्रे काढणाऱ्या डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी आपल्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे आपल्याच प्रांतात वेचली, हे आपल्या भगिनींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडात हल या गावी झाला. वडील चित्रकार होते, त्यामुळे रेखाटनाचे वळण घरातच लाभले. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ते वैद्यक शिकले. तेथेच हेन्री ग्रे हे शरीररचनाशास्त्र शिकवीत असत.

त्या काळी विद्यार्थ्यांत क्वेन यांचा ग्रंथ मान्य होता. पण अशा पुस्तकांतील चित्रे लहान असत. अवयवावर एखादे बारीक अक्षर किंवा आकडा घालीत व त्याचा अर्थ खाली शोधावा लागे. नजर चित्रावरून टिपेकडे व टिपेवरून पुन्हा चित्राकडे धावावयाची. अशाने पाठांतर कसे व्हावे? ग्रे व कार्टर यांनी नवा ग्रंथ करावयाचे ठरविले. दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. ग्रे मजकूर लिहीत व कार्टर लाकडी ठोकळ्यांवर चित्रे काढीत. छापल्यावर ती सुलट यावीत म्हणून ठोकळ्यावर सारे उलटे काढावे लागे. कार्टर यांची चित्रे मोठी व स्वच्छ होती, आणि अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिलेले असे. नाव व जागा एकदमच डोळ्यांत भरे. पहिल्या आवृत्तीत अशी ३६३ चित्रे होती.

१८५८ साली ग्रंथ निघाला व विद्यार्थ्यांनी तो उचलून धरला. पण श्रमाची वाटणी मात्र सारखी झाली नाही. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड ठरले. कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले. शीर्षकपृष्ठाचे मुद्रित तपासताना ग्रे यांनी कार्टर यांच्या नावाचा टाइप लहान करविला व त्यांचे नवे पद खोडून टाकले. आणि ज्यांच्या देहांवरून हे ज्ञान मिळाले, त्या लंडनच्या बेवारस गोरगरिबांची नावे तर कोठेच नाहीत!

पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीच कार्टर मुंबईस आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. ग्रे हे १८६१ साली देवीच्या रोगाने अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. कार्टर यांच्यापुढे मात्र अजून मोठे काम होते. पुढे काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायास जडणाऱ्या ‘मदुरा पाय’ या रोगाचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाने कसून अभ्यास केला व त्यावर १८७४ साली ग्रंथ लिहिला. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्या कुष्ठरोग्यांची त्यांनी आस्थेने पाहणी केली व नॉर्वेस जाऊन तेथील व्यवस्था समजून घेतली. दुष्काळाच्या दिवसांत, १८७७ साली, मुंबईत उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात त्यांनी त्या तापाचे जंतू पाहिले. १८८८ साली ते निवृत्त झाले व १८९७ साली इंग्लंडात स्कारबरो येथे निवर्तले.

आपले नाव लहान टाइपात गेले म्हणून कार्टर यांनी हातातले काम लहान केले नाही. ही गोष्ट गृहिणीस निराळी समजावून सांगावयास नको. तथापि ज्याचे श्रम त्याचे नाव, हा न्यायही आपण विसरता कामा नये. आपल्या घरची मुलगी उद्या पुस्तक निवडावयास बसली, तर तिला सांगावे की, पुस्तकाची जाडी पाहू नकोस, आधी चित्रे उघडून पाहा. आणि ती कोणी काढली, तेही शीर्षकपृष्ठावर शोध.