व्हेरिअर एल्विन आणि सावरांचा परलोक

भारतातील आदिवासी समाजांच्या दैवतकथा, विधी आणि अंगात येण्याच्या परंपरा यांच्या अभ्यासात व्हेरिअर एल्विन यांचे स्थान एकाच वेळी अपरिहार्य आणि वादग्रस्त राहिले आहे. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने आदिवासींमध्ये जाऊन राहावे, तेथे आपल्या धर्मसंस्थेचा त्याग करावा आणि ज्या भगत-गुनियांना मिशनरी वाङ्मयाने अंधश्रद्धेचे प्रतिनिधी मानले होते त्यांच्याच धर्मविचाराचा सर्वांत विस्तृत ग्रंथ लिहावा, ही घटना वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. एल्विन यांच्या ग्रंथांचे मूल्यमापन त्यांच्या जीवनक्रमापासून तोडून करता येत नाही. कारण त्यांच्या संशोधनातील सामर्थ्य आणि उणिवा या दोहोंची मुळे त्या जीवनक्रमातच आहेत.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मुलांचे संगोपन आईच्या कडव्या धर्मनिष्ठेच्या छायेत झाले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एल्विन यांनी प्रथम इंग्रजी साहित्य आणि नंतर धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळविली. पुढे त्यांनी धर्मदीक्षा घेतली व विक्लिफ हॉल या धर्मशिक्षणसंस्थेत उपप्राचार्यपद स्वीकारले. काव्याची गोडी आणि गूढवादी साधनेची ओढ या त्यांच्या दोन प्रवृत्ती या काळातच दृढ झाल्या. लोकगीतांकडे वळणारे त्यांचे मन आधी मध्ययुगीन संतांच्या वाङ्मयावर पोसलेले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९२७ मध्ये ते पुण्यातील ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. जे. सी. विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या या संघामागे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या विचारांची प्रेरणा होती. विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले आहे. ख्रिस्ती उपासनेला भारतीय रूप देण्याची जी कल्पना टिळकांनी आपल्या अभंगांतून आणि ‘देवाचा दरबार’मधून मांडली, तिचाच एक आविष्कार म्हणजे पुण्यातील हा आश्रम होता. परक्या धर्मानुभवाकडे आदराने पाहण्याची एल्विन यांची सवय अशा रीतीने मराठी ख्रिस्ती परंपरेच्या सान्निध्यात रुजली. येथेच त्यांना शामराव हिवाळे हा मराठी सहकारी लाभला. पुढील सुमारे दोन दशके एल्विन यांच्या जवळजवळ प्रत्येक कार्यात हिवाळे यांचा वाटा होता.

जानेवारी १९२८ मध्ये साबरमती येथे गांधीजींची भेट झाली आणि एल्विन राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. जानेवारी १९३२ मध्ये मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि हिवाळे तेथेच मुक्कामाला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस हे दोघे मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, मैकल पर्वतराजीतील करंजिया या गावी पोहोचले. गोंडांमध्ये काम करण्याची सूचना जमनालाल बजाज यांच्याकडून आली होती. दवाखाना, शाळा आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान असा या सेवाकार्याचा आरंभ होता.

करंजियात एल्विन यांच्यावर दोन बाजूंनी ताण आला. नागपूरच्या बिशपांना धर्मप्रचार न करणारा धर्मोपदेशक मान्य नव्हता. तर गांधीवादी कार्यक्रमातील दारूबंदी, ब्रह्मचर्य आणि सूतकताई यांचा गोंडांच्या जीवनाशी मेळ बसत नव्हता. मोहाची दारू हा गोंड व बैगा यांच्या विधिजीवनाचा अविभाज्य घटक आहे. जन्म, विवाह, मृत्यू आणि देवपूजा या प्रसंगी ती धरतीवर शिंपडल्याशिवाय विधी पुरा होत नाही. ती बंद करणे म्हणजे देवाचा नैवेद्यच बंद करणे होय, हे एल्विन यांना प्रत्यक्ष सहवासातून कळले. १९३५ मध्ये त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडशी संबंध तोडला. गांधीजींविषयीचा आदर टिकला. परंतु आश्रमीय शिस्त मागे पडली.

या विच्छेदानंतर एल्विन यांचे खरे संशोधनपर्व सुरू झाले. १९३९ मध्ये ‘द बैगा’ हा त्यांचा पहिला मोठा मानववंशशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध झाला. जंगलाचा तुकडा तोडून-जाळून त्याच्या राखेत बी टाकण्याच्या बैगांच्या शेतीस बेवार म्हणतात. धरतीमातेचे वक्ष नांगराने फाडणे हे पाप, असे बैगांची उत्पत्तिकथा सांगते. नंगा बैगा हा आदिपुरुष भूमीचा रक्षक व पुरोहित मानला जातो, आणि गावाच्या सीमा बांधणारा, वाघाचा बंदोबस्त करणारा गुनिया त्याच्याच अधिकाराने विधी करतो. वनखात्याने बेवारवर निर्बंध घातले तेव्हा बैगांचे केवळ उत्पन्न गेले नाही, तर त्यांच्या दैवतकथेने त्यांना दिलेले स्थानही डळमळले, असे प्रतिपादन एल्विन यांनी केले. १९४२ च्या ‘द अगारिया’ या ग्रंथात हाच विचार लोखंड गाळणाऱ्या जमातीच्या संदर्भात येतो. भट्टी, लोहासुर आणि लोगुंडी राजाची कथा यांचा परस्परसंबंध तेथे उलगडला आहे, आणि भट्ट्यांवरील कर व कारखान्यांतील स्वस्त लोखंड यांमुळे धंद्याबरोबर दैवतकथाही कशी क्षीण होते, याची नोंद आहे. दैवतकथेचा विचार अर्थव्यवहारासह करण्याची ही पद्धत त्या काळात विशेष होती.

‘द बैगा’मधील एका सूचनेने मात्र मोठा वाद निर्माण केला. बैगांसाठी बाहेरच्यांच्या प्रवेशावर नियंत्रण असलेला राखीव प्रदेश असावा, असे एल्विन यांनी सुचविले होते. ठक्कर बाप्पा यांनी १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील व्याख्यानात आदिवासींना अलग ठेवण्याच्या धोरणास विरोध केला. १९४३ मध्ये त्याच संस्थेने मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गो. स. घुर्ये यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आदिवासींचे धर्म हिंदू धर्मापासून मूलतः भिन्न नसून हे समाज मागासलेले हिंदू होत, असा घुर्ये यांचा सिद्धान्त होता. एल्विन यांनी राखीव प्रदेशाची कल्पना पुढे सोडून दिली, परंतु आदिवासी विधींना स्वतःची अर्थव्यवस्था आहे आणि तिचे वाचन तिच्याच संज्ञांनी झाले पाहिजे, हा आग्रह सोडला नाही. या आग्रहाचे सर्वांत सबळ प्रमाण त्यांना ओरिसाच्या डोंगरात मिळाले.

गंजाम आणि कोरापुट जिल्ह्यांतील सावरा किंवा सोरा या मुंडाकुलीन भाषा बोलणाऱ्या जमातीत एल्विन यांनी १९४० च्या दशकात वारंवार मुक्काम केला. त्यातून १९५५ मध्ये ‘द रिलिजन ऑफ अॅन इंडियन ट्राइब’ हा सुमारे सहाशे पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध झाला. सावरांच्या धर्मजीवनाचे केंद्र मंदिर वा मूर्ती नसून मृतांशी चालणारा सततचा व्यवहार हे आहे. हा व्यवहार कुरान हा पुरुष आणि कुरानबोई ही स्त्री या शामनांमार्फत होतो. कुरानबोईची निवड परलोकातून होते. वयात येण्याच्या सुमारास मुलीला स्वप्ने पडू लागतात. परलोकातील एक वर तिला मागणी घालतो. ती नकार देते आणि आजारी पडते. अखेरीस ती होकार देते, विवाहविधी होतो आणि मग तिच्या पतीच्या साहाय्याने तिला मृतांच्या लोकात जाता येते. तेथे तिचा संसार असतो, मुले असतात. या भूमीवर तिला दुसरा, मानवी पती असण्यास आडकाठी नसते.

कोणी आजारी पडले की कुरानबोई दिव्यासमोर बसते, सुपातील तांदळांवर हात फिरवीत आवाहनाची गाणी म्हणते, आणि तिच्या मुखाने मृत व्यक्ती बोलू लागते. ती तक्रार करते, बळी मागते, घरच्यांची चौकशी करते. घरचे लोक तिच्याशी भांडतात, रडतात, तडजोड करतात. ‘गुआर’ या विधीत मृतासाठी शिळा उभी केली जाते व रेडा बळी दिला जातो. त्यानंतर मृताला पूर्वजांत स्थान मिळते. याच धर्मविचाराचे दृश्य रूप म्हणजे भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली ‘इत्तल’ चित्रे. वारल्यांच्या लग्नचौकाशी त्यांचे बाह्य साम्य जाणवते. परंतु लग्नचौक विवाहप्रसंगी देवीला आवाहन करतो, तर सावरांचे चित्र बहुधा एखाद्या रुष्ट आत्म्याला राहण्यासाठी घर देते.

कुरानबोईचे चित्रण हा एल्विन यांच्या लेखनाचा परमोत्कर्ष म्हणता येईल. तिला भ्रमिष्ट वा भोंदू न मानता आजाऱ्याची शुश्रूषा करणारी, शोकग्रस्तांना धीर देणारी आणि उपजत काव्यशक्ती असलेली धर्माधिकारिणी म्हणून त्यांनी पाहिले. मिर्चा एलियादे यांनी शामनप्रथेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीत सावरांच्या या परलोकविवाहाची दखल घेतली, ती एल्विन यांच्याच आधारे.

या कार्याची मर्यादाही स्पष्ट आहे. गिडुगु राममूर्ती यांनी सावरा भाषेचे साधनग्रंथ १९३० च्या दशकात सिद्ध केले होते. तरीही एल्विन यांचा भर दुभाष्यांवर राहिला. ‘मिथ्स ऑफ मिडल इंडिया’ (१९४९) सारख्या संग्रहांत प्रत्येक कथेची जमात व गाव नोंदविलेले आहे, पण बहुतांश कथा व गीते केवळ इंग्रजी रूपात आहेत. मूळ उच्चारित संहिता उपलब्ध नसल्याने कथकाची शैली कोठे संपते आणि ऑक्सफर्डच्या काव्यरसिकाची शैली कोठे सुरू होते, हे ठरविणे कठीण होते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला ही हानी मोठी वाटते.

दुसरी उणीव अधिक खाजगी आणि अधिक अस्वस्थ करणारी आहे. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या राजगोंड तरुणीशी गोंड पद्धतीने विवाह केला. १९४९ मध्ये तो घटस्फोटात संपला. त्यानंतर त्यांनी पाटणगढच्या लीला या परधान स्त्रीशी विवाह केला. परधान हे गोंडांचे भाट होत. बाणा हे वाद्य वाजवून बडादेवाचे गायन करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. एल्विन यांच्या आत्मचरित्रात कोसीविषयी जवळजवळ मौन आहे. ज्या लेखकाने सावरा स्त्रीच्या परलोकातील संसाराचा तपशीलवार वृत्तान्त दिला, त्याने स्वतःच्या पहिल्या संसाराला मात्र शब्द दिले नाहीत. कोसीची बाजू त्या ग्रंथात नाही, हे आत्मचरित्र वाचताना विसरता येत नाही.

१९४६ ते १९४९ या काळात एल्विन भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे उपसंचालक होते. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे मानववंशशास्त्रीय सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. १९५७ च्या ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ या पुस्तकात आदिवासींचा विकास त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीनुसार व्हावा, जमीन-जंगलावरील त्यांचे हक्क राखले जावेत आणि बाहेरच्या अधिकाऱ्यांचा भार मर्यादित असावा, हा विचार त्यांनी मांडला. पंडित नेहरूंनी त्यास पाठिंबा दिला. १९६१ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रास १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

एल्विन यांच्यानंतर १९७० च्या दशकात पिअर्स विटेब्स्की यांनी सोरा भाषा शिकून मृतांशी होणाऱ्या या संवादांचा नव्याने अभ्यास केला. पुढील काही दशकांत अनेक सोरा तरुणांनी बाप्टिस्ट पंथ स्वीकारला आणि कित्येक गावांत मृतांशी बोलणे थांबले; या स्थित्यंतराची नोंद विटेब्स्की यांनी २०१७ च्या ग्रंथात केली आहे. ज्या धर्मप्रचाराकडे एल्विन यांनी पाठ फिरविली, त्याच प्रचाराने त्यांच्या ग्रंथातील जग बव्हंशी बदलून टाकले. त्यामुळे कुरानबोईच्या गाण्यांची एल्विन यांनी केलेली नोंद, मूळ भाषेच्या अभावी अपुरी असली तरी, सावरांच्या पुढील पिढ्यांसाठीही एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरली आहे. ती वाचताना दुभाष्याचा, अनुवादकाचा आणि हिवाळे यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा वाटा वेगळा काढून पाहणे, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांपुढील अद्याप अपुरे राहिलेले काम आहे.