गोळी शोधणारे वेटोळे : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चरित्रातील एक प्रकरण

गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या मामांनी आखातातून येताना एक धातुशोधक यंत्र आणले. हौशी लोक वाळूत हरवलेली नाणी व अंगठ्या हुडकण्यासाठी वापरतात, त्या जातीचे. पेटीत दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, होती : एक वीतभर रुंदीचे, दुसरे परातीएवढे. मुलांनी अर्थातच मोठे निवडले, संवेदनशीलतेची कळ शेवटपर्यंत फिरविली आणि शाळेच्या पटांगणात शोध आरंभिला. यंत्र अखंड किंचाळू लागले. चार ठिकाणी खणून पाहिले. तांबड्या मातीखेरीज हाती काही आले नाही. गोमंतकाची ही जांभ्याची भूमी लोहाने भरलेली. यंत्राला ती सगळीच धातूची वाटत होती.

मोठे वेटोळे चांगले की लहान, असा प्रश्न मुलांनी आम्हांस केला. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. उत्तर शोधीत आम्ही पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांत शिरलो आणि तेथून एका चरित्रापाशी येऊन थांबलो. टेलिफोनचे जनक म्हणून ज्यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना इ. स. १८८१ च्या उन्हाळ्यात नेमका हाच प्रश्न पडला होता, आणि त्याच्या उत्तरावर एका राष्ट्राध्यक्षाचे प्राण अवलंबून होते.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक. मातेस मात्र ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. लहानगा अलेक्झांडर तिच्या कपाळाशी तोंड नेऊन सावकाश, खोल स्वरात बोले व तिला ते उमगे. ध्वनी ही केवळ कानाने ऐकण्याची वस्तू नव्हे, हे त्यास घरातच कळले. पुढे क्षयरोगाने दोन्ही भाऊ गेले आणि १८७० साली आईवडील उरलेल्या एका पुत्रास घेऊन कॅनडात आले. दुसऱ्याच वर्षी बेल बोस्टन येथे मूकबधिर मुलांचे शिक्षक झाले. याच कार्यात मेबेल हबर्ड ही बधिर तरुणी शिष्या म्हणून त्यांच्याकडे आली व १८७७ मध्ये ती त्यांची सहधर्मचारिणी झाली. टेलिफोनचे पेटंट त्यांस ७ मार्च १८७६ रोजी मिळाले होते. ती कथा सर्वश्रुत आहे. तीत आम्ही शिरत नाही.

२ जुलै १८८१ रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नामक माथेफिरूने दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली व दिसेनाशी झाली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्यापि चौदा वर्षे अवकाश होता. वैद्यांनी जखमेत बोटे व सळया घालून गोळी चाचपिली. ती सापडली नाही. त्यांचे प्रमुख डॉक्टर ब्लिस यांचा ठाम समज होता की गोळी उजव्या बाजूसच आहे.

बेल यांचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे. पत्नी गर्भवती होती. तशा स्थितीत ते आपले सहकारी टेंटर यांसह वॉशिंग्टनला आले व प्रयोगशाळेत स्वतःस कोंडून घेतले. युक्ती त्यांच्या मनात आधीपासून होती. टेलिफोनच्या तारेत शेजारच्या तारायंत्राची कटकट ऐकू येई; ती घालविण्याच्या खटपटीत, दोन चपटी वेटोळी एकमेकांवर विशिष्ट अंतराने सरकवून ठेवल्यास एकातील प्रवाहाचा परिणाम दुसऱ्यात उमटत नाही, असे त्यांस आढळले होते. डेव्हिड ह्यूज यांनीही १८७९ मध्ये अशाच तत्त्वावर प्रवर्तन-तुला बनविली होती. एका वेटोळ्यात खंडित होणारा विद्युत्प्रवाह सोडावयाचा, दुसरे टेलिफोनच्या श्रवणयंत्राला जोडावयाचे, आणि दोन्ही अशी अर्धवट एकावर एक ठेवावयाची की कानास काहीही ऐकू येऊ नये. तराजूची पारडी सम झाली. आता धातूचा तुकडा जवळ आला की त्यात स्वतःचे आवर्त-प्रवाह निर्माण होतात, पारडे कलते आणि श्रवणयंत्रात आवाज उमटतो.

ऐकावयास हे सोपे. परंतु गोळी होती शिशाची. शिसे विजेचे वहन तांब्याच्या सुमारे बारावा हिस्साच करते. तिचा व्यास जेमतेम अकरा मिलिमीटर. शिवाय एक कठोर नियम आडवा येतो : लहान वस्तू वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर असली म्हणजे अंतर दुप्पट होताच तिच्याकडून येणारा संकेत चौसष्टांश उरतो. चारपाच इंचांवर जो आवाज स्पष्ट, तो नऊ इंचांवर नाहीसाच होतो. वेटोळे लहान घेतले तर गोळीची जागा अचूक कळते, पण खोली गाठत नाही. मोठे घेतले तर प्रभाव खोल जातो. मात्र ते जागा नेमकी दाखवीत नाही, लहान वस्तूस दाद देत नाही आणि आजूबाजूच्या साऱ्या धातूंची साक्ष एकदमच काढते. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे दुधारी आहे. किनाऱ्यावरील मोकळ्या वाळूत परातीएवढे वेटोळे शोभते. खिळे, पत्रे व बाटल्यांची झाकणे पडलेल्या जुन्या वाड्याच्या अंगणात वीतभर वेटोळेच कामास येते.

बेल यांनी वेटोळ्यांचे आकार बदलले, तारेची जाडी व फेरे बदलले, बॅटरी वाढविली, मंडलात कंडेन्सर घातला. मुठीत गोळी धरून पाहिली. अमेरिकेच्या यादवी युद्धातील गोळ्या अंगात घेऊन जगत असलेले वृद्ध सैनिक मोठ्या आनंदाने परीक्षेस आले, आणि यंत्राने त्यांच्या देहातील गोळी दाखविली.

२६ जुलैच्या संध्याकाळी बेल राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपाशी आले. श्रवणयंत्रात एक सततची तडतड ऐकू येऊ लागली व परीक्षा निष्फळ ठरली. घरी येऊन पाहतात तो कंडेन्सरची जोडणी चुकलेली! इतक्या दिवसांची तपश्चर्या, आणि नेमक्या घटकेला एक तार भलतीकडे. १ ऑगस्ट रोजी पुन्हा परीक्षा झाली. या वेळी आवाज आला. पण एका बिंदूवर न येता बऱ्याच विस्तृत भागावर क्षीणसा पसरलेला आला. अकरा मिलिमीटरची गोळी असा आवाज कसा देईल? दुसऱ्या दिवशी चौकशी करता समजले की वरच्या गादीखाली पोलादी तारांचे जाळे असलेली दुसरी गादी होती.

पलंगाच्या तारांनी बेल यांना फसविले, अशी ही गोष्ट बहुधा येथेच संपविली जाते. आम्हांस ती इतकी सोपी वाटत नाही. बेल यांनी तशीच दुसरी गादी मागवून तपासली, आणि तिच्या जाळ्याचा विस्तार पाहता आवाजाचा भाग फार लहान असल्याने सर्व दोष गादीवर टाकण्यास ते स्वतःच तयार झाले नाहीत. खरे कारण पुढे उघड झाले. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचे न्यू जर्सीतील एल्बरॉन येथे निधन झाले. शवपरीक्षेत गोळी पाठीच्या कण्यातील एका मणक्यातून आरपार जाऊन डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागे, खोल रुतलेली आढळली. डॉक्टरांनी वेटोळे फिरवू दिले ते उजव्या बाजूस. जेथे गोळी नव्हती तेथे यंत्राने ती दाखविली नाही, हा यंत्राचा अपराध म्हणता येत नाही. आणि सापडली असती तरी काय, हाही प्रश्न उरतो. गोळीपेक्षा अस्वच्छ बोटांनी पसरलेला जंतुदोषच त्यांच्या मृत्यूस अधिक कारण झाला, असे आज मानले जाते.

दरम्यान १५ ऑगस्ट रोजी मेबेलबाईंस अकाली पुत्र झाला. त्याला श्वास घेता येईना; तो काही तासांतच गेला. या आघातानंतर बेल यांनी छातीभोवती बसणारे, हवेच्या दाबाने कृत्रिम श्वास देणारे एक धातूचे जाकीट बनविले. धातुशोधकही त्यांनी टाकून दिला नाही. १८८२ मध्ये विद्वानांच्या परिषदेपुढे त्यांनी या प्रयोगांचा साद्यंत वृत्तांत, आपल्या चुकांसकट, मांडला. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हे पान टेलिफोनच्या पेटंटापेक्षा मोलाचे वाटते.

पुढे बेल यांनी विमाने, जलपृष्ठावरून झेपावणाऱ्या नौका, बधिरांचे शिक्षण असे अनेक उद्योग केले. हेलन केलर यांच्या वडिलांस योग्य शाळेची वाट त्यांनीच दाखविली. त्यांच्या तुलेचे वंशजही वाढले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे हलके यंत्र सिद्ध केले व ते १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात उपयोगी पडले.

मामांच्या यंत्रातील मोठ्या वेटोळ्याच्या आवरणावर दोन रोमन डी अक्षरे छापलेली आहेत. आत डीच्या आकाराची दोन वेटोळी पाठीशी पाठ लावून मध्ये थोडी एकमेकांवर चढविलेली असतात. बेल यांनी सरकवून ठेवली होती तशीच. ही रचना लोहयुक्त भूमीत अधिक शांत राहते. आम्ही माहितीपुस्तक वाचून प्रथम मोकळ्या जागी वेटोळे जमिनीवर वरखाली करीत भूमि-संतुलनाची कळ जुळविली, संवेदनशीलता निम्म्यावर आणली, आणि लहान वेटोळे चढविले. पटांगण गप्प झाले. मग कुंपणाजवळ एकदाच, अगदी नेमक्या जागी, आवाज आला. चार बोटे मातीखाली पोर्तुगीज अमदानीतील एक तांब्याचे नाणे निघाले. ते आता शाळेच्या संग्रहाच्या कपाटात ठेवले आहे.

बेल २ ऑगस्ट १९२२ रोजी नोव्हा स्कोशियातील आपल्या निवासस्थानी वारले. ४ ऑगस्टला त्यांचा दफनविधी चालू असता उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते.