अंगणात आलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

जून महिना उजाडला, पावसाची पहिली सर आली, की आपल्या पनवेलच्या गल्लोगल्ली एक दृश्य हमखास दिसते. नवे दप्तर पाठीला लावलेले तीन वर्षांचे पोर रिक्षात मुसमुसत बसलेले असते आणि दारात उभ्या आईचेही डोळे भरून आलेले असतात. चार दिवसांनी रडणे थांबते आणि मग आपण रोज संध्याकाळी त्याला एकच प्रश्न विचारू लागतो : आज काय लिहायला शिकवले? शुल्क भरले, पोचते केले, आता शिकवणे हे शाळेचे काम, अशी आपली समजूत. या समजुतीविरुद्ध जिने सारे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडकांचे स्मरण वर्धापनदिनाच्या या अंकात करणे म्हणूनच उचित वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केसकर हे प्रार्थनासमाजाचे. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून आडकाठी झाली नाही आणि १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन, कोणाच्या आधाराची वाट न पाहता त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. त्या काळात हिंदी स्त्रीला असा मान क्वचितच मिळे.

अशी मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाईंनीही मुलांसाठी वकिली सोडलेली होती. इटलीच्या मादाम माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये कामकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह काढले होते. मूल धाकाने शिकत नाही, हातांनी काम करीत स्वतःच शिकते, हा त्यांचा विचार या दोघांनी आपल्या भूमीत रुजविला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. आईबापांना समजावल्यावाचून बालशिक्षण पुरे होत नाही, हे ताराबाईंनी जाणले होते. म्हणून शिक्षणपत्रिकेतून त्यांनी पालकांसाठी सोप्या भाषेत सतत लिहिले. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

खरी कसोटी पुढेच होती. शहरातील सुखवस्तू मुलांना बालमंदिरे मिळाली, पण खेड्यातील मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी बालवाडी काढली. अनुताई वाघ ह्या त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत ना. दुसऱ्या कोणी आईबापांना अडाणी म्हणून दोष दिला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली! तेथेच मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावेत, नखे कापावीत, मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी साधने महाग. म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांची साधने झाली. हे सारे आयांच्या डोळ्यांदेखत चाले. दुरून पाहणारी आई हळूहळू जवळ येई आणि शाळेविषयीची भीती आईच्या मनातून गेली, की मुलाच्या मनातून जायला वेळ लागत नसे.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घालून विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरे. घरची अडचण ओळखून शाळेने वाकावे, ही त्यांची रीत. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोचला.

भगिनींनो, त्यांच्या काळी आई शाळेपासून दूर राही ती गरिबीमुळे. आज आपण दूर राहतो ते घाईमुळे. पहिलीत जाणाऱ्या मुलाला अक्षरे आधी यावीत यापेक्षा बोट पेन्सिल धरण्याइतके तयार असावे, ऐकलेले ध्यानात राहावे, आपली वस्तू जागेवर ठेवता यावी आणि आईवाचून चार घटका राहता यावे, हे महत्त्वाचे. ही तयारी घरात होते. वालाचे बिरडे करताना भिजलेले वाल मुलाला सोलू द्यावेत. बोटांना याहून चांगला व्यायाम नाही. वाल आणि मटकी मिसळून निवडायला द्यावी, ताटे मोजून मांडायला सांगावीत. सांडले तर रागावू नये, फडके हाती द्यावे. निजताना एक गोष्ट सांगावी आणि उद्या तीच त्याच्या तोंडून ऐकावी. शाळेत गेल्यावर बाईंना तो किती लिहितो एवढेच न विचारता, कोणाशी खेळतो, कशाला भितो, हेही विचारावे आणि घरी तो कसा वागतो ते त्यांना सांगावे. नोकरी करणाऱ्या आईला वेळ थोडा, हे खरे. पण या कामांना वेगळा वेळ लागत नाही. बाबांनी आणि आजोबांनीही त्यात हात घालावा.

ताराबाईंनी शाळा अंगणापर्यंत आणली. आता अंगणातून शाळेपर्यंतची चार पावले आपण चालावयाची आहेत. एवढे जरी आपल्या मंडळाच्या घराघरांतून घडले, तरी त्यांचे स्मरण सार्थकी लागेल.