तोरण्याचं धन, राजगडाचा चुना : शिवाजी महाराज बांधकामाचा पैसा कसा सांभाळायचे?

शिवाजी महाराजांच्या लढाया सगळ्यांना पाठ असतात. पण ५० वर्षांच्या आयुष्यात त्यांचं एक काम लढाई असो वा तह, चालूच राहिलं. ते म्हणजे बांधकाम. त्याची सुरुवात झाली भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत.

१६३० साली शिवनेरीवर जन्म, बालपण पुण्यात. वय सोळा-सतरा असेल, तेव्हा तोरणा ताब्यात आला. गडाची डागडुजी करताना धन सापडलं, असं बखरी सांगतात. एवढ्या तरुण वयात हाती आलेला पैसा कुठेही गेला असता. तो गेला शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर, आणि तिथे राजगड उभा राहिला.

हे काम सोपं नव्हतं. डोंगर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच, वाट अरुंद, पावसाळ्यात काम ठप्प. पाथरवट, गवंडी, बेलदार, लोहार, सगळ्यांना वर ठेवायचं म्हणजे आधी त्यांच्या पाण्याची सोय. सह्याद्रीत यावर एक जुना उपाय होता. कातळात टाकं खोदायचं. पाणी साठतं आणि निघालेला दगड तटाला लागतो. चुना मात्र भाजून, घाणीत मळून घ्यावा लागे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या अशा बांधल्या गेल्या. संजीवनीची दुहेरी, चिलखती तटबंदी पाहिली की तिथल्या गवंड्यांचं कसब कळतं. त्यांची नावं मात्र कुठे कोरलेली नाहीत.

पुढे कामं वाढली, तशी माणसं नेमली गेली. १६५६ च्या सुमारास प्रतापगडाचं काम मोरोपंत पिंगळ्यांकडे, नंतर रायगडाचं हिरोजी इंदुलकरांकडे. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस असे अधिकारी असत, कोठाराचा हिशोब कारखानीस ठेवी. एकाच माणसाच्या हाती सगळं नाही.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. उरलेल्या १२ मध्ये राजगड आणि तोरणा होते.

खरी गंमत आहे १६७१-७२ च्या एका जाबत्यात. गडकोटांच्या बांधकामासाठी त्यात १ लाख ७५ हजार होन वेगळे काढलेले आहेत, कुठल्या गडाला किती तेही ठरवून. रायगडाला ५० हजार, सिंहगड, सिंधुदुर्ग, पुरंदर यांना प्रत्येकी १० हजार. राजधानी तोवर राजगडावरून रायगडाला हलत होती. राजधानी गेली की जुन्या जागेकडे दुर्लक्ष होतं, हा सगळीकडचा अनुभव. इथे मात्र राजगडालाही १० हजार होन होते आणि प्रचंडगडाला, म्हणजे तोरण्याला, ५ हजार. कोरीगडासारख्या लहान गडाला ३ हजार, आणि वरकड कामांसाठी ७ हजार बाजूला. आज ठेकेदाराचं बिल अडकलं की साईट बंद पडते, मजूर गावाला निघून जातात. ते होऊ नये म्हणून पैसा आधीच बांधून ठेवण्याची ही रीत साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर गेले. त्यांच्या कारभारात वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात गड बांधण्याचे नियम लिहून काढले. त्यात ताकीद अशी की आधी पाणी पाहावं, मगच गड बांधावा, आणि एका झऱ्यावर विसंबून न राहता जादा टाकी खोदावीत. राजगडावर जाणारे ट्रेकर आजही तिथल्या टाक्यांवर बाटल्या भरून घेतात.