देवाच्या दरबारातला कवी



प्रभूची प्रार्थना म्हणताना देवाचे राज्य येवो, असे आपण रोज मागतो. लहानपणापासून ते शब्द ओठांवर बसलेले असल्यामुळे आपण नेमके काय मागतो याचा फारसा विचार होत नाही. हे मागणे मनापासून केले आणि त्यासाठी दोनदा भरले घर सोडले, असा एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. आपल्या खानदेशाशीही त्याचे नाते होते. त्याचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटले की सर्वांना लोकमान्य आठवतात. हे टिळक त्यांच्याच काळातले, कोकणातले आणि त्यांच्याच चित्पावन जातीतले, पण वाट वेगळी.

टिळक आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, हे आधीच सांगतो. ते प्रॉटेस्टंट होते. तरी त्यांची ओळख आपल्या घरात असावी असे मला मनापासून वाटते.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लवकर गेली. वडिलांशी पटले नाही म्हणून पोरवयातच घर सोडले आणि नाशिकला येऊन संस्कृत शिकले. नाशिकजवळच्या जलालपूरची मुलगी पत्नी म्हणून मिळाली. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा पाय एका गावात टिकत नसे. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा कोणाचे ग्रंथ तपासून देणारे पंडित. हातात पैसा आला की दारात जो उभा असेल त्याला देऊन मोकळे. घरात काय शिजवायचे ही काळजी बिचाऱ्या लक्ष्मीबाईंची.

मन मात्र एकाच गोष्टीच्या शोधात होते. सर्व माणसांना एकत्र आणील, जातपात पुसून टाकील असा धर्म त्यांना हवा होता. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली. कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने नवा करार हातात ठेवला आणि हे पुस्तक वाचलेत तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक उघडले आणि पर्वतावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. पुढे सरकवेना. ज्या राज्याचा ते शोध घेत होते, त्याचा कायदाच तिथे लिहिलेला होता.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. नातेवाईकांना ते मेल्यासारखेच झाले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला आप्तांकडे राहिल्या. ही ताटातूट चार-साडेचार वर्षे चालली. इथे मला थांबावेसे वाटते. संतांच्या आणि मोठ्या माणसांच्या चरित्रांत आपण घर सोडणाऱ्याचे कौतुक करतो, मागे राहिलेल्याचे अश्रू कोणी मोजत नाही. टिळकांनी पत्नीला विश्वासात घेऊन हे पाऊल उचलले नाही, ही त्यांची चूकच होती असे मी म्हणेन. पण त्यांनी दुसरा संसार थाटला नाही. ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई शेवटी अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आल्या. आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही आणि टिळकांनी सक्ती केली नाही. माणसामाणसांत भेद देवाने केलेला नाही हे त्यांना स्वतःलाच उमगले, तेव्हा 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही पाखराची कविता पाठ केलेले आपल्यापैकी पुष्कळ असतील. ती यांचीच. फुलामुलांचे कवी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखत होता.

आता खानदेशाची गोष्ट. 1907 साली जळगावला महाराष्ट्रातले पहिले कविसंमेलन भरले. तिथे सतरा वर्षांच्या एका पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हणून गौरवले. हा त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपल्या शेजारच्या धरणगावचा. अमळनेरहून जळगावला गाडीने जाताना जे धरणगाव लागते, तेच. टिळकही त्या संमेलनाला आले होते. त्यांनी या मुलाला नगरला नेले, आपल्या घरात ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. ठोंबरे हिंदू होता आणि हिंदूच राहिला. त्या घरात जेवायला, हट्ट करायला, रुसून बसायला कोणता धर्म असावा लागत नसे. दुष्काळाच्या दिवसांतही या नवरा-बायकोने अनाथ मुले घरी आणून सांभाळली होती. देवाचे राज्य कसे असेल याचा नमुना टिळकांनी आधी आपल्या स्वयंपाकघरात करून पाहिला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

5 मे 1918 रोजी जळगावपुढील भादली स्टेशनाजवळ बालकवी आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस.

त्याआधीच, 1917 साली, टिळकांनी दुसऱ्यांदा सर्व सोडले होते. वय पंचावन्न. नोकरी चांगली होती, नाव होते, मान होता. पण मन आतून दुभंगल्यासारखे झाले होते. एक भाग ख्रिस्ताचा आणि दुसरा मिशनच्या पगाराचा, असे किती दिवस चालायचे? त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्यांचे ते कुटुंब व्हावे, परका पोशाख आणि परका थाट टाकून ख्रिस्त इथल्या माणसांना त्यांच्याच भजनात, त्यांच्याच भाषेत भेटावा, ही त्यांची आस होती. ज्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही अशांनाही त्यात जागा होती. हे शेवटचे आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत जसेच्या तसे बसणार नाही, कारण बाप्तिस्मा हे आपल्यासाठी दार आहे. टिळकांच्या स्वतःच्या मिशनमध्येही अनेकांना ते पटले नाही. पण भाषेबद्दल ते जे सांगत होते ते पाहा. आपली मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात. टिळक तर त्याआधी अर्धे शतक झांजा घेऊन उभे होते. आणि आपल्याच फादर स्टीफन्स यांनी 1616 साली 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापून तीच वाट तीनशे वर्षे आधी दाखवली होती, हेही विसरायला नको.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. प्रकृती ढासळली. बालकवी गेल्याला एक वर्ष आणि चार दिवस झाले तेव्हा, 9 मे 1919 रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला. ते गेले आणि दरबारही विस्कटला. ज्या राज्याची वाट पाहिली त्यातले डोळ्यांना दिसेल असे थोडेच हाती लागले. काही वर्षांनी, 1922 साली, फादर विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे तेच.

टिळकांचे एक काम अर्धवट राहिले होते. येशूचे जीवन ओवीबद्ध सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभले होते. त्याचे दहा-साडेदहा अध्यायच झाले होते. ते पुढे नेण्यास लक्ष्मीबाई बसल्या. याच त्या, ज्यांना लग्नानंतर टिळकांनी अक्षरओळख करून दिली होती आणि ज्यांना जोडाक्षरे लिहिणे कधी नीट जमले नाही. एकेकाळी ज्या ख्रिस्तापायी नवरा दुरावला, त्याच ख्रिस्ताची कथा त्या म्हातारपणी अध्यायामागून अध्याय लिहीत राहिल्या. साठांहून अधिक अध्याय झाले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला आणि 1938 साली 'ख्रिस्तायन' छापून झाले.