शापित अंगठीचा आइसलँडी कथाकार

रिचर्ड वॅग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे प्रथमच संपूर्ण सादर झाली. टॉल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंच्या केंद्रस्थानी विनाशकारी अंगठी असल्याने टॉल्किनने उसनवारी केल्याचा आक्षेप घेतला जातो. त्याला स्वतःला ही तुलना मुळीच रुचत नसे. वस्तुतः दोघेही एकाच ठेव्याचे वारसदार. तो जपणाऱ्यांत अग्रगण्य होता तेराव्या शतकातील स्नोरी स्तुर्लुसॉन.

११७९ मध्ये आइसलँडमधील सरदार घराण्यात जन्मलेला स्नोरी ओद्दी या विद्याकेंद्रात वाढला. विवाहामुळे संपत्ती आली. आल्थिंग या देशाच्या सभेत कायदे सांगणाऱ्या प्रमुखाचे पद त्याला दोनदा लाभले. ख्रिस्ती धर्म येऊन दोन शतके लोटल्याने जुन्या देवांच्या कथा विस्मरणात जाऊ लागल्या होत्या, आणि त्यांवाचून पूर्वजांचे काव्य उलगडणे अशक्य होते. कवी सोन्याला ‘पाणमांजराची भरपाई’ म्हणत. ती का, हे सांगायला कथाच हवी! १२२० च्या सुमारास स्नोरीने नव्या कवींसाठी ‘एड्डा’ हा ग्रंथ रचला.

त्यातील कथा अशी. देवांच्या हातून मारले गेलेले पाणमांजर हा ह्राइदमार नावाच्या गृहस्थाचा पुत्र निघाला. कातडे सोन्याने पूर्ण झाका, अशी अट बापाने घातली. लोकी या देवाने अंद्वारी नामक बुटक्याचे सारे धन हिरावले, शेवटची अंगठीही सोडली नाही. अंद्वारीने तिला शाप दिला. ओडिनला ती स्वतःसाठी ठेवायची होती. परंतु मिशीचा एक केस उघडा राहिला आणि तो झाकण्यासाठी अंगठी द्यावी लागली. पुढे पुत्रांनीच बापाला ठार केले. त्यांपैकी फाफ्निर सर्परूप घेऊन सोन्यावर बसला.

वॅग्नरने ‘व्होल्सुंग सागा’ आणि जर्मन ‘निबेलुंगेनलीड’ यांचाही आधार घेतला. टॉल्किनच्या ‘हॉबिट’मधील बुटक्यांची बहुतेक नावे, इतकेच काय, ‘गँडाल्फ’ हे नावही एका प्राचीन काव्यातील यादीतले. ती यादी स्नोरीनेही आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली होती.

सुवर्णलोभाची कथा सांगणारा स्नोरी स्वतः मात्र निरिच्छ नव्हता. नॉर्वेच्या हाकोन राजाची मर्जी त्याने संपादन केली, पण १२३९ मध्ये राजाज्ञा मोडून तो मायदेशी परतला. १२४१ मध्ये पत्नी निवर्तल्यावर संपत्तीच्या वाटणीवरून सावत्र मुलांशी त्याचे बिनसले. त्यांचा चुलता गिसूर हा स्नोरीचा एकेकाळचा जावई; राजाचा हुकूमही त्याच्याच हाती होता. २३ सप्टेंबरच्या रात्री गिसूरची माणसे रेकहोल्ट येथील वाड्यात शिरली आणि तळघरात लपलेल्या स्नोरीला त्यांनी ठार केले.