इरावती कर्वे : दोन गुरू आणि एक प्रबंध

दहावी-बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी याची चर्चा आपल्या घरोघरी होते. पण एम.ए., पीएच.डी.पर्यंत जाणाऱ्यांना पुढे आणखी एक निवड करावी लागते, ती मार्गदर्शकाची. बेळगाव-निपाणी भागातील मुले त्यासाठी कोल्हापूर, धारवाड, पुण्याला जातात. ज्यांचा विषय दोन शाखांच्या बांधावर असतो, त्यांना ही निवड अधिक अवघड जाते. थोर समाजशास्त्रज्ञ व लेखिका डॉ. इरावती कर्वे यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. तेथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला आल्या. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या बी.ए. झाल्या.

पुढील शिक्षणासाठी त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांचे मार्गदर्शन घेतले. घुर्ये मूळचे मालवणचे. ते स्वतः संस्कृतकडून समाजशास्त्राकडे वळलेले होते. त्यामुळे तत्त्वज्ञानाची पदवीधर आपल्या विषयात येते याचे त्यांना वावडे नव्हते. १९२८ मध्ये इरावतीबाईंनी एम.ए. पूर्ण केले. त्याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता प्रश्न होता डॉक्टरेटचा. माणसाचे शरीर आणि माणसाचा समाज या दोहोंचा एकत्र अभ्यास त्यांना करायचा होता. त्यासाठी त्यांनी जर्मनी निवडली. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांनाही सुनेचे हे परदेशी जाणे पसंत नव्हते. दिनकररावांनी मात्र पाठिंबा दिला. पैशांसाठी कर्ज काढावे लागले. १९२८ अखेर त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत दाखल झाल्या.

तेथे त्यांचे मार्गदर्शक होते संस्थेचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर. जगभर नाव असलेले हे विद्वान गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व मानणारे होते. मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत किती फरक असतो, हा विषय त्यांनी इरावतीबाईंना दिला. युरोपियनांच्या कवटीत हा फरक अधिक असतो आणि तोच त्यांच्या बुद्धीचे कारण आहे, असे फिशर यांना सिद्ध व्हायला हवे होते. इरावतीबाईंनी जवळजवळ दीडशे कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या कवट्याही होत्या. मोजमापांतून निष्कर्ष निघाला की वंशानुसार असा फरक दिसत नाही.

घरापासून हजारो मैल दूर, डोक्यावर कर्ज आणि पदवी गुरूंच्या हाती, अशी स्थिती होती. तरीही त्यांनी आकड्यांत फेरफार केला नाही. जे दिसले तेच लिहिले. फिशर नाराज झाले व त्यांनी कमी श्रेणी दिली, असे चरित्रकार सांगतात. तरी १९३० साली डॉक्टरेट मिळाली. पुढे १९३३ मध्ये हेच फिशर नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९३९ पासून इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये होत्या. शरीराची मोजमापे, उत्खनन, संस्कृत ग्रंथ, खेड्यापाड्यांतील नात्यागोत्यांच्या नोंदी, हे सर्व त्यांनी एकत्र आणले. जातींच्या उगमाविषयी त्यांनी घुर्ये यांच्याहूनही वेगळे मत मांडले. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. मराठी मुलखात मामाच्या मुलीशी लग्न चालते, आत्याच्या मुलीशी सहसा करीत नाहीत. दक्षिणेत मामा-भाचीचेही लग्न होते. आपल्या सीमाभागात या दोन्ही रीती शेजारी शेजारी दिसतात. महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेच्या चालीरीतींचा सांधा आहे, हे त्यांनी अशा नोंदींतून दाखविले. महाभारतावरील ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, मार्गदर्शक निवडताना केवळ नाव आणि संस्था पाहून भागत नाही. त्यांचे लेखन आधी वाचावे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना भेटावे. विषय दोन शाखांचा असेल, तर दुसऱ्या शाखेचा सहमार्गदर्शक मिळेल का, हे प्रवेशाआधीच विचारावे. मुख्य म्हणजे, गुरूंना नको असलेला निष्कर्ष निघाला तर ते तो ऐकून घेतील का, याचा अंदाज घ्यावा. पालकांनीही या चौकशीत मुलांना साथ द्यावी. गुरूंचा आदर राखूनही सत्य लिहिता येते, हे इरावतीबाईंनी दाखवून दिले आहे.